आमदारसाहेब, सभागृहात काय विचारलेत?

लग्नाला हजेरी, बदलीसाठी चिठ्ठी आणि चौकातला शुभेच्छांचा फलक, एवढ्यावरून आपण लोकप्रतिनिधीची पारख करतो. पण गल्लीतला नळ कोरडा का, हे मंत्र्याला सभागृहात विचारण्याचा अधिकार त्याच्याकडे असतो. त्या अधिकाराचे तो काय करतो?

तालुक्याच्या कोणत्याही गावी आमदाराच्या घरासमोर सकाळी आठपासून माणसे जमू लागतात. कुणाला मुलाचा कॉलेजप्रवेश हवा असतो, कुणाला भावाची बदली. कुणाच्या हातात लग्नपत्रिका असते, कुणाच्या हातात इस्पितळाचे बिल. दोन-चार बायका टँकरसाठी आलेल्या असतात. साहेब बाहेर येतात, फोन फिरवतात, चिठ्ठ्या देतात. माणसे समाधानाने परततात आणि म्हणतात, ‘आपला आमदार कामाचा आहे हो!’

टँकर येतो आणि त्या दिवसापुरती घागर भरते. पण गावात पाण्याची योजना मंजूर असताना पाईप का टाकले गेले नाहीत, पैसा आला असेल तर गेला कुठे आणि काम रखडवणाऱ्या ठेकेदारावर काय कारवाई झाली, हे कुणी विचारत नाही. हे प्रश्न विचारायची जागा आमदाराच्या घराचा ओटा नव्हे. ती जागा विधानभवनात आहे आणि तिथे उत्तर देणे मंत्र्याला भाग असते.

महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ आणि विधान परिषदेत ७८ सदस्य आहेत. कायदे करणे हे त्यांचे काम आहे, हे शाळेतल्या नागरिकशास्त्रात आपण शिकतो. सरकारला जाब विचारणे हेही त्यांचे तेवढेच मोठे काम आहे, हे मात्र आपण परीक्षेनंतर विसरून जातो.

एका प्रश्नाने काय हलते?

सभागृहाच्या कामकाजात प्रश्नोत्तरांचा तास असतो. आमदार आधी लेखी प्रश्न पाठवतो. ज्या प्रश्नावर तारा म्हणजे फुलीची खूण असते, तो तारांकित. त्याचे उत्तर मंत्र्याला सभागृहात उभे राहून द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते.

सामान्य माणसाला वाटते, प्रश्न विचारून काय होणार? पण प्रश्न दाखल झाला की काय होते ते पाहण्यासारखे आहे. प्रश्न मंत्रालयातल्या विभागाकडे जातो. विभाग जिल्हाधिकाऱ्याकडे किंवा कार्यकारी अभियंत्याकडे माहिती मागतो. तिथून तहसीलदाराला, उपअभियंत्याला विचारणा होते. महिनोन्‌महिने कपाटात पडलेली फाइल ‘विधानसभा प्रश्न, तातडीचे’ असा शेरा मिरवत टेबलावर येते. जागेची पाहणी होते आणि कधी कधी उत्तर तयार होण्याआधीच काम सुरू होते, कारण ‘काम सुरू आहे’ असे उत्तर लिहिणे सर्वांनाच सोयीचे असते.

उत्तरात चलाखी होतेच. ‘हे खरे आहे काय?’ या प्रश्नाला ‘हे अंशतः खरे आहे’ असे उत्तर छापून येते. इथे आमदाराचा कस लागतो. ज्याने गावात फिरून, कागद जमवून तयारी केलेली असते, तो उपप्रश्नात मंत्र्याला पकडतो. ज्याने केलेली नसते, तो खाली बसतो.

प्रश्नाखेरीज आणखीही आयुधे आहेत. तातडीच्या विषयावर लक्षवेधी सूचना देता येते, त्यावर मंत्र्याला निवेदन करावे लागते. उत्तराने समाधान झाले नाही, तर अर्धा तास चर्चा मागता येते. अर्थसंकल्पातल्या मागण्यांवर कपात सूचना मांडून एखाद्या खात्याच्या कारभाराचे वाभाडे काढता येतात. ही कपात नाममात्र, शंभर रुपयांचीही असू शकते. तिचा हेतू पैसे वाचवणे नसून गाऱ्हाणे मांडणे हा असतो. मंत्र्याने जाणूनबुजून खोटी माहिती दिली, तर हक्कभंगाची सूचना देता येते.

मिठापासून तळ्यापर्यंत

हा अधिकार आपल्याला सहजासहजी मिळालेला नाही. इंग्रजांच्या राज्यात कायदेमंडळातल्या सदस्यांना प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली ती १८९२ च्या कायद्याने. उपप्रश्न विचारण्यासाठी १९०९ पर्यंत थांबावे लागले. हाती एवढेसे आयुध असताना गोपाळ कृष्ण गोखल्यांनी कलकत्त्याच्या कौन्सिलात १९०२ साली अर्थसंकल्पावर भाषण केले आणि सरकारच्याच आकड्यांनी सरकारला खोडून काढले. गरिबाच्या चुलीपर्यंत पोहोचणारा मिठावरचा कर हा त्यांच्या टीकेचा एक मुख्य विषय होता. मणामागे अडीच रुपये असलेला तो कर १९०३ पासून टप्प्याटप्प्याने कमी होत १९०७ साली एक रुपयावर आला.

दुसरे उदाहरण महाडचे. सीताराम केशव बोले यांनी १९२३ साली मुंबई कायदेमंडळात ठराव मांडला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. ठराव संमत झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले असल्याचे जाहीर केले. कागदावर सगळे झाले, पण तळ्याचे पाणी कुणाच्या ओंजळीत आले नाही. १९२६ साली बोल्यांनी पुन्हा ठराव आणला की जी नगरपालिका हे अमलात आणणार नाही तिचे अनुदान रोखावे. तरीही महाडला काही हलले नाही. शेवटी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळीने पाणी घेतले. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले.

सभागृहातला ठराव नसता, तर महाडच्या लोकांच्या हाती हक्काचा कागद नसता. आणि लोक तळ्यावर गेले नसते, तर तो कागद दप्तरातच पिवळा पडला असता. लोकप्रतिनिधीच्या कामाचे सारे मर्म या जोडीत आहे.

पाणीवाली बाई

ही जोडी ज्यांनी आयुष्यभर सांभाळली त्यांत मृणाल गोरे यांचे नाव पहिले घ्यावे लागेल. १९२८ साली जन्मलेल्या मृणालताईंनी वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून सेवादलाचे आणि समाजवादी पक्षाचे काम पत्करले. पती केशव ऊर्फ बंडू गोरे यांच्यासह त्या गोरेगावात स्थायिक झाल्या. १९५८ साली केशवरावांचे निधन झाले, तेव्हा पदरी लहान मुलगी होती. घर आणि काम दोन्ही सांभाळत १९६१ साली त्या मुंबई महापालिकेवर निवडून आल्या.

तेव्हाचे गोरेगाव म्हणजे मुंबईचे दूरचे उपनगर. वस्ती वाढत होती, नळ वाढत नव्हते. पहाटे उठून हंडा-कळशी घेऊन रांगेत उभे राहणे हे बायकांच्या नशिबी होते. मृणालताईंनी या बायकांना संघटित केले. रिकामे हंडे घेऊन मोर्चे निघाले, अधिकाऱ्यांना घेराव पडले आणि महापालिकेच्या सभागृहात पाण्याचा हिशेब मागितला गेला. पाणी आले आणि लोकांनी त्यांचे नाव ठेवले ‘पाणीवाली बाई’.

१९७२ साली त्या विधानसभेवर निवडून गेल्या. ते वर्ष दुष्काळाचे आणि महागाईचे होते. रॉकेल, तेल, साखर बाजारातून गायब होत होती. अहिल्या रांगणेकर आणि इतर पक्षांतल्या महिला कार्यकर्त्यांना सोबत घेऊन त्यांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी केली. एरवी पोळ्या लाटणाऱ्या हातांनी लाटणी उगारली आणि थाळ्या वाजवल्या. स्वयंपाकघरातला प्रश्न रस्त्यावर आला आणि तिथून सभागृहात गेला. आणीबाणीत मृणालताईंना तुरुंगवास घडला. १९७७ साली त्या लोकसभेवर निवडून आल्या आणि इंदिरा गांधी पराभूत झाल्या, तेव्हा मुंबईत एकच घोषणा गाजली, ‘पाणीवाली बाई दिल्लीला, दिल्लीवाली बाई पाण्यात!’

१९८५ साली त्या पुन्हा विधानसभेत आल्या. त्या सुमारास गर्भजलपरीक्षेच्या नावाखाली मुलगी असेल तर गर्भ पाडण्याचा धंदा मुंबईत फोफावला होता. स्त्री-संघटना आणि काही डॉक्टर त्याविरुद्ध आवाज उठवत होते. सरकारी पुढाकाराने झालेल्या एका पाहणीत ५० स्त्रीरोगतज्ज्ञांपैकी ४२ जण ही चाचणी करत असल्याचे आढळले. मृणालताईंनी अशासकीय विधेयकाच्या मार्गाने हा विषय सभागृहात लावून धरला. अशासकीय विधेयक म्हणजे मंत्र्याने नव्हे, साध्या सदस्याने मांडलेले विधेयक. अशी विधेयके क्वचितच संमत होतात, पण सरकारला भूमिका घ्यायला लावतात. इथेही तसेच झाले. १९८८ साली महाराष्ट्राने देशात प्रथम गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा केला आणि १९९४ साली संसदेने देशभरासाठी तसा कायदा केला.

घरांच्या प्रश्नावरही त्यांची हीच रीत होती. कमाल जमीन धारणा कायद्याखाली सरकारला मिळायला हवी ती अतिरिक्त जमीन गरिबांच्या घरांसाठी का मिळत नाही, हा सवाल घेऊन त्या आणि बाबुराव सामंत यांनी नागरी निवारा परिषद चालवली. आंदोलन, विधिमंडळ आणि न्यायालय अशा तिन्ही ठिकाणी झुंज दिल्यावर गोरेगावला दिंडोशीत सहा हजारांच्या आसपास घरे उभी राहिली. १७ जुलै २०१२ रोजी मृणालताईंचे निधन झाले, तेव्हाही वर्तमानपत्रांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणूनच निरोप दिला.

तासगावातून निघालेला कायदा

विरोधी बाकांवर बसूनच काम होते असे नाही. वि. स. पागे हे काँग्रेसचे, १९६० पासून १९७८ पर्यंत विधान परिषदेचे सभापती. सभापती स्वतः प्रश्न विचारत नाही. पण पागे आपल्या सांगली जिल्ह्यातल्या मजुरांचे हाल पाहत होते. पाऊस गेला की शेतमजुराच्या हाताला काम नाही, ही दरवर्षीची कथा. काम मागेल त्याला काम मिळालेच पाहिजे, अशी योजना त्यांनी सुचवली आणि साठच्या दशकाच्या अखेरीस तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर पसरली. लक्षावधी माणसे खडी फोडायला, बंधारे बांधायला, पाझर तलाव खणायला कामावर आली आणि जगली.

पागे आणि त्यांचे सहकारी एवढ्यावर थांबले नाहीत. योजना मंत्र्याच्या मर्जीवर चालते, कायदा मर्जीवर चालत नाही. म्हणून १९७७ साली रोजगार हमीचा कायदा संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पैशाची सोय म्हणून शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला गेला. आपल्या पगारपत्रकात दरमहा ‘व्यवसाय कर’ म्हणून कापली जाणारी रक्कम आठवते? तिचे मूळ तासगावच्या मजुरात आहे. ही योजना नीट चालते की नाही हे पाहण्यासाठी विधिमंडळाची स्वतंत्र समिती नेमली गेली. समितीचे सदस्य जिल्ह्याजिल्ह्यांत जाऊन कामे पाहतात, अधिकाऱ्यांना बसवून हजेरीपटाबद्दल विचारतात. २००५ साली संसदेने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा त्याच्यापुढे महाराष्ट्राचा हाच कित्ता होता.

सांगोल्याचे गणपतराव

सोलापूर जिल्ह्यातला सांगोला हा कायम दुष्काळी तालुका. तिथून गणपतराव देशमुख १९६२ साली शेतकरी कामगार पक्षाच्या तिकिटावर पहिल्यांदा निवडून आले. १९७२ आणि १९९५ चा अपवाद सोडला, तर सांगोल्याने त्यांनाच विधानसभेत पाठवले, अकरा वेळा. ते थोडा काळ मंत्री होते, पण बहुतेक आयुष्य विरोधी बाकावर गेले. एस. टी. ने प्रवास करणारा आमदार अशी त्यांची ख्याती होती आणि सभागृहात सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसणारा आमदार अशीही.

सांगोल्याला पाणी हवे होते ते कृष्णेचे. म्हैसाळ, टेंभू यांसारख्या उपसा सिंचन योजना कागदावर होत्या, निधी तुटपुंजा मिळत होता. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासोबत गणपतरावांनी सांगली, सातारा, सोलापूर भागातल्या दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा भरवल्या. आटपाडीला शेतकरी जमायचे, ठराव व्हायचे आणि तेच ठराव हातात घेऊन गणपतराव विधानसभेत उभे राहायचे. एकाच विषयावर वर्षानुवर्षे बोलण्याचा कंटाळा त्यांनी कधी केला नाही. २०१९ ची निवडणूक त्यांनी वयामुळे लढवली नाही आणि ३० जुलै २०२१ रोजी त्यांचे निधन झाले. एवढ्या वेळा निवडून यायला चौकातले मोठे फलक लागतातच असे नाही, हे सांगोल्याच्या मतदारांनी दाखवून दिले.

आश्वासन दिले, पुढे काय?

मंत्री सभागृहात सांगतात, ‘तीन महिन्यांत चौकशी पूर्ण करू.’ बाके वाजतात. पण तीन महिन्यांनी कोण आठवण ठेवतो?

यासाठी विधिमंडळात आश्वासन समिती असते. लोकसभेत ती १९५३ सालापासून आहे. मंत्र्यांनी सभागृहात दिलेला शब्द नोंदवून ठेवायचा आणि तो पाळला का, हे विचारायचे, एवढेच तिचे काम. तिथे आश्वासनपूर्तीसाठी तीन महिन्यांची मुदत असते. समितीचे काम गाजावाजाचे नाही, तिथे कॅमेरे नसतात. म्हणूनच प्रसिद्धीच्या मागे लागलेल्या सदस्याला ते रुचत नाही आणि खऱ्या कार्यकर्त्याला रुचते.

या व्यवस्थेला कीडही लागते. २००५ साली संसदेत प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेताना काही खासदार छुप्या कॅमेऱ्यात सापडले आणि डिसेंबरात ११ जणांना सदस्यत्व गमवावे लागले. कोरोनाच्या काळात, २०२० सालच्या संसदेच्या पावसाळी अधिवेशनात प्रश्नोत्तरांचा तासच वगळला गेला. गोंधळात सभागृह तहकूब झाले की मंत्र्यांची उत्तरे चुकतात आणि त्याचा फायदा नेहमी सरकारलाच होतो, मग सरकार कोणत्याही पक्षाचे असो.

स्थानिक विकास निधीचाही एक पेच आहे. आमदार स्वतःच समाजमंदिर, गटार, हायमास्ट दिवे मंजूर करू लागला की लोक खूश होतात. पण जो स्वतः कामे वाटतो, तो कामांबद्दल जाब कसा विचारणार? निधीतून एक गल्ली उजळते. शंभर गल्ल्यांत अंधार का, हे मात्र प्रश्नातूनच बाहेर येते.

शहपुऱ्याचा प्रश्न आणि नागपूरचे विधानभवन

ही केवळ महाराष्ट्राची गोष्ट नाही. मध्य प्रदेशातल्या जबलपूर जिल्ह्यात, जबलपूरहून भोपाळकडे जाणाऱ्या रस्त्यावर शहपुरा नावाचे तहसिलीचे गाव आहे. नर्मदेच्या खोऱ्यातला हा शेतीचा मुलूख, थंडीत हिरव्या वाटाण्याने भरलेला. १९५६ पर्यंत विदर्भ आणि जबलपूर एकाच राज्यात होते आणि त्यांची राजधानी नागपूर होती. म्हणजे शहपुऱ्याच्या रस्त्याचा किंवा शाळेचा प्रश्न विचारायचा, तर तो नागपुरातच विचारावा लागे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात आला आणि जबलपूरचे आमदार भोपाळला गेले. लोकांपासून राजधानी दूर गेली की प्रश्नही दूर जातात, ही भीती तेव्हा विदर्भात होती. म्हणूनच १९५३ च्या नागपूर करारात वर्षातून एक अधिवेशन नागपूरला घेण्याचे कलम आले. हिवाळी अधिवेशनाचा जन्म त्यातून झाला. अधिवेशनावर येणारे मोर्चे पाहिले की कळते, त्या कलमाने विदर्भाच्या माणसाला सरकार निदान काही दिवस तरी जवळ आणून दिले.

भोपाळच्या सभागृहात २३० सदस्य आहेत. तिथेही तारांकित प्रश्न आहेत, आपल्या लक्षवेधीसारखी ध्यानाकर्षण सूचना आहे. तिथली आणखी एक रीत ध्यानात घेण्यासारखी आहे. आमदार आपल्या भागातल्या लोकांच्या याचिका सभागृहात सादर करतात आणि कामकाजपत्रिकेवर त्यांची लांबच लांब यादी असते. अमुक गावाला पक्का रस्ता हवा, तमुक नाल्यावर पूल हवा, माध्यमिक शाळेत वरचे वर्ग हवेत. गाव लहान असो, त्याचे नाव राज्याच्या सर्वोच्च सभागृहाच्या कागदावर उमटते. महाराष्ट्रातही विनंती अर्ज समिती आहे, पण तिच्याकडे जाता येते हे किती गावांना ठाऊक आहे?

आपल्या हातात काय?

पहिली गोष्ट म्हणजे आमदाराकडे तोंडी गाऱ्हाणे नेऊ नका, लेखी न्या. योजना केव्हा मंजूर झाली, पैसे किती आले, काम कुठे थांबले, हे तारखांसह द्या. ही माहिती मिळवण्यासाठी २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा आहे. साध्या अर्जाला तीस दिवसांत उत्तर देणे कार्यालयावर बंधनकारक आहे. महिला मंडळाने, गृहनिर्माण सोसायटीने, पालक-शिक्षक संघाने असा अर्ज करावा आणि मिळालेला कागद आमदारापुढे ठेवावा. उपप्रश्नासाठी त्याला नेमके तेच हवे असते.

दुसरी गोष्ट, अधिवेशन जवळ आले की विचारा, ‘आमच्या भागाचा कोणता प्रश्न दिलात?’ आणि अधिवेशन संपले की विचारा, ‘उत्तर काय आले?’ ते उत्तर मिळवून ग्रामसभेत मोठ्याने वाचा. ‘काम पूर्ण झाले आहे’ असे उत्तरात असेल आणि नळ कोरडाच असेल, तर पुढच्या अधिवेशनाचा प्रश्न तयार झाला असे समजा.

तिसरी गोष्ट थोडी अवघड आहे. साहेब मुलीच्या लग्नाला आले नाहीत म्हणून रुसू नका. त्या दिवशी ते सभागृहात तुमच्या गावच्या इस्पितळाबद्दल बोलत असतील, तर त्यांची गैरहजेरी हाच मोठा आहेर आहे.

गोरेगावच्या बायका हंडे घेऊन निघाल्या, तेव्हा त्यांच्यापैकी कुणाला नियमांचे पुस्तक पाठ नव्हते. आपले गाऱ्हाणे खरे आहे आणि ते सांगणारी बाई आपली आहे, एवढे त्यांना पक्के माहीत होते. तिने सभागृहात विचारले आणि यांनी बाहेर लावून धरले. मतपेटीत मत टाकून आपले काम संपते असे मानणाऱ्याला टँकरवरच भागवावे लागते.